‘बाई’ या शब्दाचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या जिल्हा अभ्यासशिबिरात अखेरच्या रात्री, ध्वनिमुद्रिकांच्या श्रवणापूर्वी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत आजच्या रात्रीपुढे ‘हिंदुस्थानी संगीतातील थोर कलावंतांचे गौरवस्मरण’ असे भारदस्त शब्द छापलेले आहेत. गेले दोन दिवस आपण कंत्राटी कामगारांचे वेतन, कांद्याचे भाव आणि नगरपालिकेच्या शाळा यांवर तासन्‌तास बोलत होतो. त्यानंतर एकदम केसरबाई आणि मोगूबाई यांची नावे ऐकून काही जणांच्या कपाळावर आठी उमटलेली मी पाहिली. दुपारी पंक्तीत माझ्या शेजारी बसलेल्या एका तरुण मित्राने तर ती आठी बोलूनच दाखवली. तो म्हणाला, “दादा, हे गाणे संस्थानिकांच्या दरबारात वाढले, शेटजींच्या दिवाणखान्यात पोसले गेले, आणि आता मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींच्या कमानीखाली गायले जाते. आपण कष्टकऱ्यांच्या बाजूची माणसे. आपण त्याचा गौरव का करायचा?”

प्रश्न सरळ होता आणि माझ्या तोंडात घास होता. त्यामुळे मी तेव्हा नुसती मान हलवली. ती मान होकाराची की नकाराची, हे त्याला कळले नसणार. म्हणून रात्रीचा हा अर्धा तास मी अध्यक्षांकडून मागून घेतला आहे.

दरबाराची गोष्ट खोटी नाही. अल्लादियाखाँसाहेब मूळचे राजस्थानातील उणियारा संस्थानचे. ते १८९५ मध्ये कोल्हापूरला आले आणि शाहू छत्रपतींच्या दरबारी राहिले. १९०२ मध्ये ज्या राजाने मागासलेल्या जातींसाठी नोकरीत निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्याच राजाच्या पदरी हे खाँसाहेब होते, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. १९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेबांनी पुढे मुंबईची वाट धरली. अब्दुल करीमखाँसाहेब उत्तर प्रदेशातील कैराना या गावचे. ते बडोद्याच्या दरबारी होते, तेथून निघाले आणि अखेरीस मिरजेचे झाले. तेव्हा राजेरजवाड्यांचा पैसा या गाण्यामागे होता, हे कबूल. परंतु ज्याने पैसा दिला त्याचेच गाणे, हा हिशेब आपण गिरणीच्या बाबतीत मान्य करत नाही, शेताच्या बाबतीत मान्य करत नाही. मग गाण्याच्याच बाबतीत का मान्य करावा?

दरबारात गाणारा माणूस कोण होता, हे पाहिले पाहिजे. त्याच्या नावावर जमीन नव्हती, त्याला पेढी नव्हती. गळा आणि तालीम एवढीच त्याची मिळकत, आणि तीही सर्दी-पडशाने एका रात्रीत बुडू शकणारी. अल्लादियाखाँसाहेबांचा स्वतःचा आवाज ऐन उमेदीत अतिश्रमाने बसला होता. पुढे त्या बसलेल्या गळ्याला झेपेल असा मार्ग शोधता शोधता त्यांनी आपल्या गायकीला नवे वळण दिले. दमसासाची मोठी झेप, तानेची पेचदार चाल, आणि अनवट रागांत शिरून त्यातून सहीसलामत बाहेर पडण्याची ती अजब विद्या म्हणजे आपण जिला जयपूर-अत्रौली घराणे म्हणतो ती गायकी. कारागिराच्या हाताला इजा झाली म्हणजे तो अवजार धरण्याची पद्धत बदलतो आणि पुढे ती पद्धतच त्याच्या घरची खूण होऊन बसते, तसाच काहीसा हा प्रकार.

आणि अवजाराचे म्हणाल, तर तंबोरा घ्या. मिरजेत जी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे करतात ती मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारीला धार लावणाऱ्यांची. तलवारी गेल्या, तेव्हा त्या हातांनी सतार-तंबोऱ्याचे काम उचलले. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्याच्या वेलावर वाढतो. त्या भोपळ्यात आणि त्या हातात दरबारी काय आहे, ते मला अजून सापडलेले नाही.

पण मित्रहो, मला आज तंबोऱ्याविषयी बोलायचे नाही. मला बोलायचे आहे ते कार्यक्रमपत्रिकेतील एका लहानशा गोष्टीविषयी. आपल्याच पत्रिकेत, आपल्याच कार्यालयात बसून कोणीतरी पुढीलप्रमाणे छापले आहे: ‘पंडित भीमसेन जोशी, पंडित मल्लिकार्जुन मन्सूर, उस्ताद अब्दुल करीमखाँ, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, हिराबाई बडोदेकर, गंगूबाई हनगल.’ ज्याने हे लिहिले त्याचा हेतू वाईट नव्हता. तो सवयीने लिहून गेला. पण सवय ही आपल्या मनातली सर्वांत जुनी सरंजामशाही असते.

गंगूबाई हनगल यांनीच ही गोष्ट एकदा हसत हसत सांगितली होती. गाणारा पुरुष मुसलमान असला तर तो उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित होतो, आणि केसरबाई-मोगूबाई मात्र बाईच राहतात, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्या हसत बोलल्या, म्हणून ऐकणारेही हसले. मला वाटते, आपण ते हसणे बरेच लांबवले आहे.

आता मराठीत ‘बाई’ हा शब्द काही अपमानाचा नाही. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई ही आपलीच नावे आहेत. शाळेत ज्यांनी आपल्याला पहिले अक्षर गिरवायला लावले त्या ‘बाई’च होत्या. उत्तरेत मात्र ‘बाईजी’ म्हटले की कोठा आणि मुजरा डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे मराठी ‘बाई’चा मान आणि उत्तरेकडील ‘बाईजी’चा शिक्का असे दोन्ही अर्थ एकाच शब्दात येऊन बसले. गाणारीच्या नावापुढे हा शब्द लागला की ऐकणाऱ्याने आपल्या मनाच्या सोयीने हवा तो अर्थ घ्यावा. म्हणजे दोष शब्दात नाही. दोष आहे तो पुरुषाच्या नावामागे विद्येची पदवी लावणाऱ्या आणि स्त्रीच्या नावापुढे नुसता तिच्या जातीजन्माचा पत्ता ठेवणाऱ्या समाजात.

गोव्यातील कलावंत समाजात मुलगी जन्मली की तिचे आयुष्य जन्मापूर्वीच ठरलेले असे. देवळाची सेवा, उत्सवातले गाणे-नाचणे, आणि कोणा यजमानाचा आश्रय. लग्न नाही, म्हणून घर नाही, आणि बापाचे नाव नाही, म्हणून वारसा नाही. या समाजातील सुधारकांनी, त्यांत ‘मी कोण?’ हे आत्मचरित्र लिहिणारे राजाराम पैंगीणकर आले, मुलींना या चाकोरीतून बाहेर काढण्यासाठी झुंज दिली आणि गोमंतक मराठा समाज या नव्या नावाने आपली माणसे उभी केली. मुंबई इलाख्यात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला तो १९३४ मध्ये. ही चळवळ आपल्या इतिहासातली फार मोठी चळवळ आहे. पण तिच्यातच एक कोडे होते. या समाजाजवळ शतकांची जमवलेली संपत्ती एकच होती, ती म्हणजे गाणे. आणि त्या गाण्यालाच त्याच्या अपमानाची खूण चिकटलेली. अपमान टाकायचा आणि गाणे ठेवायचे, हे कसे करावे?

ज्या स्त्रियांनी हे करून दाखवले त्यांना मी थोर म्हणतो. सुरांच्या थोरवीविषयी तुम्ही आज ऐकालच.

केसरबाईंचा जन्म १८९२ मध्ये फोंडा तालुक्यातील केरी गावी झाला. लहानपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीमखाँसाहेबांकडे, मग रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा गुरूंकडे तुटक तुटक तालीम झाली. अखेर १९२१ मध्ये अल्लादियाखाँसाहेबांचा गंडा बांधला. त्यानंतर खाँसाहेब १९४६ मध्ये जाईपर्यंत, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षे, ती तालीम होती. त्यातून जो आवाज घडला तो तिन्ही सप्तकांत सारखाच खुला आणि भरदार. आकार असा की उघड्या माळावरून वारा यावा. कलकत्त्याच्या रसिकांनी त्यांना ‘सूरश्री’ म्हटले, १९६९ मध्ये पद्मभूषण मिळाले.

पण त्यांच्याविषयीच्या गोष्टी ऐकाल तर निम्म्या त्यांच्या ताठपणाच्या आहेत. त्या बिदागी वाजवून घेत. मैफलीत कोणी बोलला तर त्याला तेथल्या तेथे गप्प करत. ध्वनिमुद्रणाविषयी त्यांच्या मनात सदैव संशय असे. आपले गाणे पानाच्या गादीवर वाजू नये असे त्यांना वाटे. रसिक मंडळी या गोष्टी ‘बाईंचा तोरा’ म्हणून चवीने सांगतात. मी कामगार चळवळीत काही वर्षे काढली आहेत. मला त्यांत तोरा दिसत नाही. ज्या स्त्रीच्या आजी-पणजीला गाण्याबद्दल मोबदला मागता येत नव्हता, जिच्या गाण्यावर यजमानाचा हक्क जन्मसिद्ध मानला जात होता, ती स्त्री पहिल्यांदा म्हणते की माझ्या श्रमाची किंमत मी ठरवीन, तो श्रम कोठे, केव्हा आणि कोणापुढे करायचा हेही मीच ठरवीन. आपण याला युनियनच्या भाषेत काय म्हणतो, ते मी येथे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. केसरबाईंनी विद्या फार राखून ठेवली. त्यांच्याकडून खरी तालीम मिळाली ती जवळजवळ एकट्या धोंडूताई कुलकर्णींना. जी संपत्ती एवढ्या कष्टाने हाती आली ती वाटून टाकण्याची त्यांची तयारी नव्हती. हे मला समजते, पण पटत नाही. गौरव करायचा म्हणजे आरती ओवाळायची असे नव्हे.

मोगूबाईंची वाट अधिक खडतर होती. १९०४ मध्ये सांगे तालुक्यातील कुर्डी गावी त्यांचा जन्म झाला. आई जयश्रीबाई. मुलीने मोठी गाणारी व्हावे हा त्या माउलीचा एकच ध्यास. मुलगी दहा वर्षांची असतानाच आई गेली. ती पोर फिरत्या नाटक मंडळीत राहिली, पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत गेली, तेथून बाहेर पडली आणि आजारी होऊन सांगलीला उपचारासाठी आली. १९१९-२०च्या सुमाराची ही गोष्ट. ती घरात गात असताना रस्त्याने जाणारे एक वृद्ध गृहस्थ थबकले, आत आले आणि तिला शिकवू लागले. हे शिकवणारे गृहस्थ कोण, हे तिला आधी ठाऊक नव्हते असे सांगतात. ते अल्लादियाखाँसाहेब होते.

येथवरची गोष्ट कथेसारखी आहे, म्हणून ती सर्वांना पाठ असते. पुढची कोणी फारशी सांगत नाही. खाँसाहेब मुंबईला आले, त्यांच्यामागून मोगूबाईही आल्या. पण तालीम अखंड मिळेना. कारण खाँसाहेबांची तालीम ही महाग वस्तू झाली होती आणि धनिक आश्रयदात्यांच्या मर्जीला तेथे वजन होते. मोगूबाईंच्या मागे शेटजी नव्हता. त्यांनी खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे शिकणे चालू ठेवले, काही काळ आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे काढला आणि पुन्हा खाँसाहेबांच्या पायाशी येऊन बसल्या. थोर विद्या पैशाच्या दाराशी कशी अडते याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही; आणि त्या दाराशी थांबून राहण्याची चिकाटी कशी असते याचेही. १९३९ मध्ये पतीचे निधन झाले. पदरी तीन मुले. मैफली आणि शिकवण्या यांवर त्यांनी तो संसार ओढला. विलंबित तीनतालाच्या संथ आवर्तनात प्रत्येक मात्रेचे पाऊल नेमके पडावे, समेवर येताना कोठेही धांदल नसावी, अशी त्यांची लयीवरची पकड होती. ती ऐकताना मला नेहमी वाटते की महिन्याच्या अखेरपर्यंत तुटपुंजी शिल्लक पुरवणाऱ्या बाईलाच हे जमावे! माझे हे म्हणणे संगीतशास्त्राला धरून नाही, याची मला जाणीव आहे.

त्यांची थोरली मुलगी म्हणजे किशोरीताई आमोणकर. मुलगी आईच्या मागे तंबोऱ्यावर बसून गावोगाव जात असे. आईला त्या दौऱ्यांत कसे वागवले जाई, कशा गाडीतून न्यायचे, कोठे उतरवायचे, याच्या कडू आठवणी किशोरीताईंनी पुढे अनेकदा सांगितल्या. आणि म्हणूनच आपण मोठ्या झालो तेव्हा आयोजकांना अंगाला लावून घेतले नाही, हेही त्या सांगत. ‘किशोरीताई फार लहरी,’ असे म्हणणाऱ्या रसिकांनी त्या लहरीचा उगम आईच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात शोधावा.

आणखी एक पाहा. आई मोगूबाई, मुलगी किशोरीताई. एका घरात, एका पिढीत ‘बाई’ची ‘ताई’ झाली. ‘ताई’ हे नात्याचे नाव आहे. ज्यांना समाजाने कधी घरात घेतले नव्हते त्या घराण्यातील मुलीला समाजाने बहीण म्हटले, याला एवढा काळ लागला. आणि नाते दिले तरी विद्येची पदवी द्यायची राहिलीच. आता अलीकडे ‘विदुषी’ असे छापतात. छापावे. माझी हरकत नाही. फक्त नवा शब्द चिकटवताना खालचा जुना मजकूर पुसला जाऊ नये.

पुसण्याचे काम आपल्याकडे फार सफाईने झालेले आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे घरंदाज मुलामुलींपर्यंत पोहोचवले. हे काम क्रांतिकारक होते. ते झाले नसते तर या मंडपातील कित्येकांच्या घरात पेटी आलीच नसती. पण घरंदाजांसाठी दार उघडताना, आत आधीपासून बसलेल्या स्त्रियांना मागच्या दाराने जायला सांगितले गेले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आकाशवाणीचे खाते सरदार पटेलांकडे होते, तेव्हा ज्यांचे खासगी आयुष्य ‘लोकापवादाचा विषय’ आहे अशांना ध्वनिक्षेपण बंद करावे असे फर्मान निघाले. पुरुष गायकांच्या खासगी आयुष्याचा हिशेब कोणी मागितल्याचे मला आठवत नाही. उत्तरेत तर नावेच पालटली. कोणी ‘देवी’ झाली, कोणी ‘बेगम’. बनारसच्या ठुमरी-टप्प्याच्या रसूलनबाई तेवढ्या ‘बाई’च राहिल्या. त्यांचे अहमदाबादचे घर १९६९च्या दंगलीत जळाले. ज्या गळ्यात राम आणि कृष्ण मुक्कामाला होते, त्या गळ्याचे घर जाळणाऱ्यांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १९७४ मध्ये त्या गेल्या.

सारंगीचीही हीच कथा. ती कोठ्यावर वाजते म्हणून घरंदाज मैफलीतून ती हळूहळू उठली आणि तिच्या जागी पेटी आली. माणसांप्रमाणे वाद्यांनाही आपल्याकडे जात असते.

हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ मध्ये मिरजेला झाला. वडील अब्दुल करीमखाँसाहेब, आई ताराबाई माने. बडोद्याच्या सरदार घराण्यातील ही मुलगी आपल्या मुसलमान गुरूबरोबर घर सोडून निघाली होती. पुढे ते दोघे वेगळे झाले. ताराबाईंनी पाच मुलांना घेऊन नवा संसार मांडला आणि त्यांना नवी नावे दिली. चंपाकलीची हिराबाई झाली, अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, सकीनाच्या सरस्वती राणे झाल्या. एका घरात दोन धर्म आणि दोन दोन नावे सुखाने नांदली, आणि त्या घराने महाराष्ट्राला निम्मे गाणे दिले. आज ज्यांना अशा लग्नांविरुद्ध कायदे हवे आहेत त्यांनी ‘सवाई’च्या मंडपात जाऊन टाळ्या वाजवण्यापूर्वी क्षणभर विचार करावा.

हिराबाईंनी जे केले ते दिसायला लहान होते. तिकीट लावून जाहीर सभागृहात गाणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. अंगभर पदर घेऊन, मांडी घालून, हातवारे न करता, समोर नजर ठेवून त्या गात. पूर्वी बैठकीत गाणारीने अदाकारी करावी, श्रोत्याच्या पुढ्यात जाऊन विडा घ्यावा, अशी अपेक्षा असे. तिकीट काढलेला श्रोता मात्र खुर्चीत बसतो, गाणारी मंचावर बसते, आणि मध्ये जे अंतर असते त्याला आपण नागरिकत्व म्हणू या. त्या अंतरामुळेच मध्यमवर्गीय पुरुष आपल्या बायका-मुलींना घेऊन गाण्याला येऊ लागला. नाटक मंडळी काढली, ती कर्जात गेली, पुन्हा मैफली करून सावरल्या. याची तक्रार त्यांच्या सुरात कधी आली नाही. किराणा घराण्याचा तो निवांत, निर्मळ स्वर. तार षड्जावर तो जेव्हा ठरे तेव्हा, माझे गुरुजी म्हणत, समईची वात हलायची थांबते.

आणि गंगूबाई. १९१३ मध्ये धारवाडला जन्मलेल्या. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या. लहानपणी शेजारच्या बागेतले आंबे चोरले तेव्हा शेजाऱ्यांना चोरीचा राग आला नाही, गाणारणीची पोर आपल्या बागेत शिरली याचा आला. पुढे तीच माणसे जेवायला बोलावू लागली, असे गंगूबाई सांगत. रस्त्याने जाताना ‘गाणेवाली’ म्हणून हाका ऐकू येत. १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी ज्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते हे. तेथे स्वागतगीत गाणाऱ्यांत अकरा वर्षांच्या गंगूबाई होत्या. तिला गाण्याची भीती नव्हती. भीती होती ती पंक्तीची. जेवणानंतर आपल्याला उष्टे काढायला तर सांगणार नाहीत ना, ही ती भीती. गांधीजींसमोर गाणाऱ्या मुलीच्या मनात, गांधीजींच्याच मंडपात, हा प्रश्न होता. दोन दिवस आपण आपल्या चळवळीच्या उणिवा मोजत होतो. त्या यादीत ही एक जुनी नोंद करून ठेवा.

पुढे त्या हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात आणि रात्री परतत. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, अब्दुल करीमखाँसाहेबांचे शिष्य. तरुण भीमसेन गुरुगृही राहून शिकत होते आणि गंगूबाईंना स्थानकापर्यंत पोहोचवायला येत. पुरुष शिष्याला गुरूच्या घरात राहता येई, स्त्री शिष्येला रात्रीची गाडी गाठावी लागे. दोघेही त्याच गुरूचे आणि दोघेही थोर. पण गाडीचे वेळापत्रक दोघांपैकी एकीलाच पाठ करावे लागले.

मी त्यांना पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात ऐकले, महोत्सव रात्रभर चालत असे त्या दिवसांत. मी तेव्हा पक्षाचे पूर्णवेळ काम नुकतेच धरले होते आणि खिशात परतीच्या एस.टी.चे पैसे तेवढे होते. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज खर्जात उतरलेला, रुंद, जवळजवळ पुरुषी झालेला. शेजारचा एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणाला, “डोळे मिटले तर पुरुष गातोय असे वाटते.” त्याला ती स्तुती वाटत होती. मी डोळे उघडे ठेवले. लहानखुरी मूर्ती, मोठे कुंकू, एक हात कानाशी, मागे कन्या कृष्णाबाई साथीला. मारवा चालला होता. मारव्यात षड्ज सहजासहजी हाती येत नाही. कोमल ऋषभ आणि धैवत यांच्या मधल्या ताणात गाणाऱ्याने स्वतःला आणि श्रोत्याला टांगून ठेवायचे असते. गंगूबाई घाई करत नव्हत्या. एकेक स्वर पूर्ण तपासून, त्यावर पुरेसे उभे राहून मगच पुढे जात होत्या. आणि कितीतरी वेळाने जेव्हा तो षड्ज आला, तेव्हा मंडपात कोणी ‘वाहवा’ म्हटले नाही. एक लांब श्वास तेवढा ऐकू आला. १९२४ मधली पंक्तीची भीती मला त्या वेळी ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर मी काही वेगळे ऐकले असते का, हे मला सांगता येणार नाही.

तरुण मित्रा, तुझ्या प्रश्नाकडे पुन्हा येतो. दरबाराने या स्त्रियांना गाणे दिले नाही. उस्तादांनी दिले, आणि त्यासाठी मोजलेली किंमत यांनीच मोजली. जे गाणे जन्माने लादलेली चाकरी होते त्याचा यांनी आपल्या हाताने व्यवसाय केला, व्यवसायाची विद्या केली. शेतमजूर बाई जेव्हा मजुरीचा दर स्वतः सांगते तेव्हा आपण तिच्या मागे उभे राहतो. ही त्याच वाटेवर पुढे गेलेली माणसे आहेत. आपण त्यांच्यामागे उभे राहायला उशीर केला आहे, एवढेच.

१९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. पृथ्वीवरच्या आवाजांची एक तबकडी त्यांत ठेवली आहे. भारताकडून त्यात एकच गाणे आहे, केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत वारल्या. त्यांतील एक यान २०१२ मध्ये सूर्यमालेच्या वाऱ्याबाहेर गेले. ही गोष्ट भाषणात सांगितली की टाळ्या पडतात. मला मात्र तिच्याइतकीच दुसरी एक गोष्ट सांगाविशी वाटते, आणि ती जमिनीवरची आहे.

मोगूबाईंचे कुर्डी गाव आज नकाशावर नाही. साळावली धरणाच्या पाण्यात ते १९८६च्या सुमारास बुडाले. सहाशेहून अधिक कुटुंबे उठली आणि वाडे, वालकिणी अशा ठिकाणी वसवली गेली. धरण दक्षिण गोव्याची तहान भागवण्यासाठी होते. ज्यांनी त्यासाठी घरे सोडली त्यांतल्या काहींच्या नळाला पाणी यायला बरीच वाट पाहावी लागली, हे आपल्यापैकी विस्थापितांचे काम करणाऱ्यांना नवे वाटणार नाही. दरवर्षी उन्हाळ्यात पाणी ओसरते आणि मे महिन्यात कुर्डी वर येते. भेगाळलेली जमीन, झाडांचे खुंट, घरांची जोती, सोमेश्वराचे देऊळ. जुने गावकरी त्या दिवसांत तेथे जमतात, देवळात उत्सव करतात, आणि आपापल्या घराच्या जोत्यावर मुलांना उभे करून दाखवतात की येथे स्वयंपाकघर होते, येथे विहीर. त्या जोत्यांत मोगूबाईंच्या घराचेही एक आहे. पाऊस लागला की गाव पुन्हा खाली जाते.

आता ध्वनिमुद्रिका लावायच्या आहेत. पहिली मोगूबाईंची, मग हिराबाईंची, मग केसरबाईंची, अखेर गंगूबाईंची. पत्रिकेतील क्रम मी बदलला आहे, अध्यक्षांनी क्षमा करावी. आणि पत्रिका पुन्हा छापली जाईल तेव्हा तो ‘पंडित’ एक तर सर्वांच्या नावामागे लावा, नाही तर कोणाच्याच लावू नका. छपाईचा खर्च मी देतो. ज्यांना साडेदहाची शेवटची एस.टी. गाठायची आहे त्यांनी आत्ताच दाराजवळ येऊन बसावे, म्हणजे मध्येच उठून जाताना विलंबित मोडणार नाही.